मदत हवी आहे: कुंडीतल्या लिंबाची पानं धडाधड गळताहेत, लवकर सांगा

साखरपेठ_७१ (११ नोव्हेंबर, सकाळी ८.१०)
नमस्कार. कागदी लिंबाचं झाड आहे, कुंडीत, आठ वर्षांचं. दसऱ्यापर्यंत एकदम छान होतं. बाल्कनीतून घरात घेतलं आणि पानगळ सुरू झाली ती थांबतच नाही. पानं पिवळीसुद्धा होत नाहीत, हिरवीच्या हिरवी पडतात. नुसता धक्का लागला तरी पाच-सहा खाली. निम्म्याहून जास्त झाड उघडं पडलंय. यंदा पहिल्यांदाच फळं धरली आहेत, सुपारीएवढी सात. पाणी रोज आहे, खतही दिलंय. कोणतं औषध मारायचं तेवढं सांगा. आजच सांगा, झाड हातचं जाईल.

गच्चीवाली (८.३२)
ताई, फोटो टाका ना. कुंडी केवढी, माती कसली, पाणी नळाचं की बोअरचं? आमच्या सोलापुरात विडी घरकुलकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. माझ्या लिंबाची पानं त्यानंच गेली होती. पावसाचं पाणी साठवून घातलं तेव्हा सुधारलं.

होटगीरोड (८.४५)
पानं उलटी करून बघा, नागअळीची पांढरी नागमोडी रेघ दिसते का. दिसली तर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. जाता जाता विचारतो, माझ्या गच्चीवर ड्रममध्ये केशर आंबा आहे, चार वर्षं झाली, मोहोर नाही. कुणी सांगेल का?

डाळिंबवाला_सांगोला (९.०५)
मावशी, घाबरू नका. पानं पडली म्हणजे झाड मेलं असं नसतं. आम्ही बाग धरताना पाणी तोडून मुद्दाम पानगळ करतो, त्याशिवाय डाळिंब एकसारखं फुलत नाही. लिंबालाही हस्त बहाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यासाठी, पाण्याचा ताण देतात, म्हणून तर ऐन उन्हाळ्यात, भाव असताना, फळ हाती येतं. पाणी तोडा, फुटवा येईल.

हिरवी_ओंजळ (९.२०)
दादा, तुमच्या रानात मुळं खोल जातात. कुंडीतल्या झाडाला ताण देणं वेगळं आणि शेतात देणं वेगळं. ताई, "पाणी रोज" म्हणजे किती? माती बोटानं उकरून बघता का? मला तरी हे जास्त पाण्याचं लक्षण वाटतं. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी आहे का, हे न बघता पाणी घातलं की पांढरी मुळी कुजते. मग कुंडीत पाणी असून झाड तहानलेलं राहतं.

भूगोलसर (९.४१)
मला एकच कळत नाही. सोलापुरात लिंबू घरात कशासाठी घेतलं? आपल्याकडे नोव्हेंबरचं ऊन म्हणजे लिंबाला पर्वणी.

साखरपेठ_७१ (९.५०)
सर, झाड सोलापुरात नाही, टोरांटोला मुलाकडे आहे. मी लिहिलं नव्हतं का? घाईत राहिलं बहुतेक. आमच्या जुन्या घरी मोरीपाशी ह्यांनी लावलेलं लिंबू होतं. मुलगा २०१७ ला गेला तेव्हा मी त्यातल्याच एका फळाच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या. पुढे घर पाडून बांधलं तेव्हा ते झाड तोडावं लागलं. तोवर हेही गेले होते. आता त्या झाडाचं म्हणून एवढंच उरलंय, म्हणून जीव कासावीस झालाय. मुलाला झाडातलं फार कळत नाही, मीच रोज व्हिडिओवर बघून सांगते.

भूगोलसर (१०.१५)
मग तर सगळंच बदललं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून आकडे देतो. २२ डिसेंबरला सोलापुरात दिवस अकरा तासांचा असतो, टोरांटोत नऊ तासांनाही थोडा कमी. आपल्याकडे त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, तिथे २३ अंशांवर. म्हणजे तिथली भर दुपार आपल्याकडच्या साडेतीन-चारच्या उन्हासारखी, तीही काचेतून आणि आभाळ मोकळं असेल तर. औषधानं हे भरून निघणार नाही.

श्टुटगार्टकर (१०.४०)
मावशी, मी मूळचा सोलापूरजवळच्या बाळे गावचा, नऊ वर्षं जर्मनीत आहे. दोन लिंबं घालवली, तिसरं टिकवलंय. सर म्हणतात ते बरोबर, मुख्य अडचण उजेडाची. उन्हाळ्यात बाहेर आलेली पानं कडक उन्हासाठी घडलेली असतात. एकदम घरात आणलं की झाडाला ती पोसवत नाहीत, मग ते टाकून देतं. झाडांसाठीचा पांढरा एलईडी दिवा घ्यायला सांगा, शेंड्यापासून फूटभर वर टांगायचा, टायमर लावून रोज बारा-तेरा तास. आजच घ्या म्हणावं. आणि एवढं विचारून सांगा: खिडकी कोणत्या दिशेला, हीटरची गरम हवा कुठून येते, कुंडी फरशीवर आहे की उंचावर, आणि कुंडीखाली काय ठेवलंय?

हिरवी_ओंजळ (१०.५५)
दिवा लावा, ना नाही. पण आधी पाणी. मुळी कुजलेली असेल तर दिवा लावून काय होणार? माझी कृषी पदविका आहे, रोपवाटिकेत सहा वर्षं काम केलंय, ऐंशी टक्के रोपं लोक प्रेमानं पाणी घालून मारतात.

श्टुटगार्टकर (११.०२)
ताई, रोपवाटिका सोलापूरची. इकडच्या अंधारात पाणी बरोबर दिलं तरी पानं गळतात, माझी गळली आहेत.

डाळिंबवाला_सांगोला (११.१०)
पाणी तोडा हे मी पहिल्यांदा सांगितलं होतं. आणि मावशी, मुलाला सांगा लिंबाचा नाद सोडून डाळिंब लाव. डाळिंब तिकडच्या हिवाळ्यात पानं टाकून झोपतं, त्याला उजेड नको की काही नको. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. फळात फळ ते.

श्टुटगार्टकर (११.२५)
डाळिंबाचं खरं आहे दादा, झोपलेलं डाळिंब शून्याखालीही तग धरतं. कुंडी गॅरेजमध्ये ढकलली की मार्चपर्यंत बघायला नको. पण मावशींना डाळिंब नकोय. त्यांना ते झाड हवंय.

होटगीरोड (११.३१)
बियांपासूनच्या लिंबाला मूळ झाडासारखं फळ येत नाही असं ऐकलंय. कलमच हवं. (आंब्याचं कुणी सांगितलं नाही.)

हिरवी_ओंजळ (११.४०)
कागदी लिंबाचं तसं नाही. त्याच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात, त्यातले बहुतेक आईसारखेच असतात. आपल्याकडे साई शरबती, फुले शरबती या जातींची रोपंसुद्धा बियांपासून करतात. ताईंचं झाड म्हणजे मोरीपाशी होतं तेच झाड समजा. आंब्याचा वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

गच्चीवाली (दुपारी १२.०५)
ताई, एक सांगू का, राग मानू नका. काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात. दाराबाहेर ठेवता येईल का?

श्टुटगार्टकर (१२.१२)
दाराबाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत मरेल. तिकडे रात्री आता शून्याच्या आसपास जातात.

साखरपेठ_७१ (१२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०)
आत्ताच फोन झाला, तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. खिडकी पूर्वेला. कुंडी बाल्कनीच्या दाराशी खाली फरशीवर. गरम हवेची जाळी तिथून हातभर अंतरावर. कुंडीखाली ताटली नाही. सूनबाईनं घरात घेताना शोभेच्या चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत ती ठेवली आहे. म्हटलं, उचल बघू. त्यानं आतली कुंडी दोन्ही हातांनी वर काढली तर बाहेरच्या कुंडीत चार बोटं पाणी, काळपट. म्हणाला, आई, गटारीसारखा वास येतोय. बाहेरच्या कुंडीला भोकच नाही. महिनाभर रोज घातलेलं पाणी तिथंच साठत होतं. आता काय करू? सगळी माती बदलू?

हिरवी_ओंजळ (८.५२)
तेच. माती आत्ता अजिबात बदलू नका, मुळांना दुसरा धक्का नको. पाणी ओतून द्या, शोभेची कुंडी बाजूला ठेवा. झाडाची कुंडी जुन्या वर्तमानपत्रांच्या जाड थरावर ठेवा, कागद ओला झाला की बदला. वरची दोन इंच माती कोरडी लागेपर्यंत थेंबही नको. नंतर कुंडी उचलून अंदाज घ्यायला शिकवा, हलकी लागली तरच पाणी. खत पूर्ण बंद, पानं नसताना खत कोण खाणार? आणि फांदी नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे.

श्टुटगार्टकर (९.१५)
मान्य, पाण्याचं तुमचंच बरोबर निघालं. पण दिवा हवाच. आणि फरशीचं विसरू नका. माती १२-१३ अंशांच्या खाली गेली की लिंबाची मुळं जवळपास काम थांबवतात. वर पानांना गरम हवा, खाली मुळं गार, मग पाणी वर चढणार कसं? लाकडी पाट किंवा थर्माकोलचा जाड तुकडा खाली घाला आणि जाळीपासून लांब सरकवा. गरम कोरड्या हवेत लाल कोळी, ही रस शोषणारी बारीक कीडही लवकर येते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघा, ठिपके चालायला लागले तर कोळी.

भूगोलसर (९.४०)
व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याची झाडं थंडीत आत ठेवायला १६८४ ते १६८६ मध्ये खास इमारत बांधली. जाड भिंती, दक्षिणेला उंच खिडक्या. आजही तिथे लाकडी पेट्यांतली झाडं हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर जातात. तिथली झाडं गारव्यातच राहतात. तेव्हा मुलानं खोली गारच ठेवली तर?

श्टुटगार्टकर (९.५५)
सर, तत्त्व बरोबर. कमी उजेडात झाड गार असलं तर त्याची भूक कमी राहते, म्हणून टिकतं. उबेत आणि अंधारात ते उपाशी मरतं. पण संत्रं जे सोसतं ते कागदी लिंबू सोसत नाही, लिंबूवर्गातलं ते फार नाजूक. १५-१८ अंश आणि दिवा, एवढं ठेवा.

हिरवी_ओंजळ (१०.०५)
आणि फळं काढायला लावा. सातही. मुळं अधू असताना झाड सगळी ताकद फळांना देतं.

साखरपेठ_७१ (१०.२०)
फळं काढायची? आठ वर्षांनी पहिली आली आहेत हो. दुसरा काही उपाय?

डाळिंबवाला_सांगोला (१०.३०)
मावशी, काढा. पहिल्या बहाराला आम्हीही झाडावर ओझं ठेवत नाही. झाड राहिलं तर फळं आयुष्यभर आहेत.

गच्चीवाली (१०.४४)
पुढच्या वेळी इथून नवं रोप करून पाठवा ताई, एक कायमचं शिल्लक राहील.

श्टुटगार्टकर (१०.५०)
तसं कृपया करू नका. रोपं आणि माती न्यायला कॅनडात कडक बंधनं आहेत, विमानतळावर जप्त होईल. बियाही विचारल्याशिवाय नेऊ नयेत, रोग त्यातूनही जातात. शिल्लक ठेवायचंच तर जूनमध्ये झाड बाहेर असताना तिथेच एखाद्या फांदीवर गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटून नवं रोप होतं. पेन्सिलीएवढी फांदी, बोटभर साल काढून ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. लिंबाला गुटी छान लागते.

साखरपेठ_७१ (१० डिसेंबर, सकाळी ८.२५)
आज कळवते, कारण सगळ्यांनी इतक्या मनापासून सांगितलं होतं. पानगळ महिनाअखेरीला थांबली. झाडावर आता चौदा पानं आहेत, मी मोजली. दोन फांद्या वाळल्या, बाकी खरवडल्यावर हिरव्या निघाल्या. दिवा लावलाय, पाटावर कुंडी आहे, पाणी नऊ-दहा दिवसांनी लागतं. कोळी निघाली नाही. फळं सहा काढली, एक राहू दिलं, तेवढं मला जमलं नाही. काढलेलं एक फळ त्यानं कापलं, रस नव्हताच, पण म्हणाला वास मोरीपाशी यायचा तसाच आला. काल खोडाजवळ एक डोळा (नव्या फुटीचा कोंब) फुगलेला दिसला, मुगाच्या दाण्याएवढा.

आता नवीन अडचण. मुलगा, सूनबाई दोघंही गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला येणार आहेत, जानेवारीत तीन आठवडे. घर बंद. झाडाचं काय?

हिरवी_ओंजळ (८.४०)
निघायच्या दिवशी भरपूर पाणी, पूर्ण निथळू द्यायचं. एवढ्या कमी पानांवर तीन आठवडे निघतील. तरी शेजारी कुणी असेल तर दहाव्या दिवशी एकदा कुंडी उचलून बघायला सांगा. पाणी घाला म्हणून सांगू नका, उचलून बघा एवढंच सांगा.

श्टुटगार्टकर (९.०२)
दिवा टायमरवर आहेच, तो तसाच चालू ठेवा. घर बंद करताना लोक हीटर फार खाली आणतात, तसं करू नका म्हणावं, १५ च्या खाली नको. आणि मेअखेरीपर्यंत बाहेर काढू नका. काढाल तेव्हा पहिला आठवडा सावलीत, नाहीतर कोवळी पानं उन्हानं भाजतील.

होटगीरोड (९.१५)
आंब्याचा धागा काढलाय, कुणीतरी बघा. मावशी, मुलगा आला की त्याच्या फोनमधला त्या डोळ्याचा फोटो इथे टाका.