स्क्रीन काळीठिक्कर, फोन मात्र वाजतोय. अप्पांचे फोटो आत अडकलेत, कसे काढू?

अक्कलकोट_रोड
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोन माझ्या वडिलांचा आहे. अप्पा एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहेत, डिझाइन आणि ऑर्डरचं सगळं तेच बघतात. काल पाळी संपवून घरी आले, गाडीच्या डिकीतून फोन काढला तर स्क्रीन काळीठिक्कर. पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही, काचेला तडा नाही. अँड्रॉइड १३ आहे, ॲमोलेड स्क्रीन, बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर. दुसऱ्या फोनवरून रिंग दिली की वाजतो, थरथरतो. दिसत मात्र काहीच नाही.

जवळच्या एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने हातात घेतला, बटण दाबून बघितलं आणि म्हणाला, "सॉफ्टवेअर गेलंय, रिसेट मारावा लागेल, डेटा राहणार नाही." मी फोन परत घेऊन आले.

डेटा म्हणजे काय ते सांगते. पार्टी जुना टॉवेल पाठवते, "असाच पाहिजे" म्हणून. अप्पा तो टेबलावर पसरून त्यावर टेप ठेवतात, शेजारी कागदावर रुंदी, वजन, बॉर्डरला कुठल्या रंगाचं सूत किती ते लिहितात आणि सगळं एका फोटोत घेतात. असे कित्येक वर्षांचे फोटो आहेत. टॉवेल परत जातो, कागद हरवतो, उरतो तो फोटो. जुनी पार्टी "मागच्या दिवाळीची ती निळी बॉर्डर" म्हणाली की अप्पा फोन काढून दाखवतात. नेट पॅक लवकर संपतो म्हणून बॅकअप बंद ठेवलेला होता.

नवीन फोन घ्यायला लागला तर घेऊ. मला आधी हे फोटो पाहिजेत. खरंच रिसेटशिवाय मार्ग नाही का?

विजापूर_वेस
सोमवार, रात्री १०:०५

ताई, घामाने ओल गेली असेल. एक रात्र तांदळाच्या डब्यात ठेवा. आणि पॉवर व आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरा, माझ्या भावाचा फोन असाच सुरू झाला होता.

नवी_पेठ_रिपेअरिंग
सोमवार, रात्री ११:२०

ताई, दुकान बंद करून आत्ता वाचलं. सगळ्यात आधी: रिसेट कुणालाही मारू देऊ नका. रिंग वाजते म्हणजे मदरबोर्ड चालू आहे, बॅटरी चालू आहे, अँड्रॉइडही चालू आहे. सॉफ्टवेअर गेलेला फोन कॉल घेत नाही. फोटो बोर्डावरच्या मेमरीत असतात, स्क्रीनमध्ये नाही. स्क्रीन मेली, काढली, दुसरी लावली, तरी एक फोटोसुद्धा हलत नाही. रिसेट मारला तर मात्र सगळं जातं आणि आजकालच्या फोनमध्ये ते परत आणता येत नाही, कारण सगळा साठा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्लीच पुसली जाते. माझ्याकडे एक बाई रडत आल्या होत्या, बाळाच्या बारशापासूनचे फोटो दुसरीकडे रिसेट मारून घालवलेले. स्क्रीनच खराब होती. मी स्क्रीन बदलून दिली, फोन कोरा करकरीत उघडला. तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता बटणांचं. विजापूर वेसवाल्या दादांनी मनापासून सांगितलंय, पण इथे जपून. अडकलेला अँड्रॉइड सुरू करायला काही कंपन्यांच्या फोनमध्ये पॉवर आणि आवाज *कमी* करायचं बटण दाबून धरतात, दहा ते वीस सेकंद. आवाज *वाढवायचं* बटण पॉवरसोबत दाबलं तर बऱ्याच फोनमध्ये रिकव्हरी मेनू उघडतो. त्या मेनूत आवाजाच्या बटणाने खालीवर जायचं आणि पॉवरने निवडायचं असतं, आणि त्यातच "सगळा डेटा पुसा" हाही पर्याय असतो. स्क्रीन दिसत नसताना त्या मेनूत जाणं म्हणजे फोटोंशी खेळ.

शिवाय तुमच्या बाबतीत मी रिस्टार्टची घाई करणार नाही. फोन चालू असेपर्यंत बोटाच्या ठशाने उघडतो. रिस्टार्ट झाला की पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन द्यावाच लागतो, तोवर ठसा चालत नाही. तोही काळ्या स्क्रीनवर काढायचा.

तांदूळ नको. ओल तशी निघत नाही आणि पिठाची भुकटी चार्जिंगच्या जॅकमध्ये जाऊन बसते. आयफोन तांदळात ठेवू नका असं ॲपलनेही लेखी सांगितलंय.

हे तपासून सांगा:

चार्जर लावल्यावर थरथरतो का? मागचं झाकण फुगून वर आलंय का? फुगलं असेल तर चार्जिंग बंद, दाबायचं नाही, सरळ दुकानात. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनकडे बघा, अगदी पुसट उजेड किंवा रेघ दिसते का? आणि महत्त्वाचं: फोन लावा आणि अप्पांना सांगा, रोज कॉल उचलताना जिथे बोट सरकवता तिथेच सरकवा. कॉल उचलला गेला तर टच जिवंत आहे. मग काम लई सोपं होईल.

अजून एक. तोवर अप्पांचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर चालेल, कॉल आणि बँकेचे मेसेज येत राहतील. पण त्या फोनवर अप्पांचं व्हॉट्सॲप चालू करू नका. तिकडे नंबर नोंदवला की जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप बाहेर फेकलं जातं आणि बॅकअप नसताना चॅट पुन्हा बसवायची नसती भानगड होते.

अक्कलकोट_रोड
मंगळवार, सकाळी ८:१५

दादा, तुमचं वाचून रात्री जरा झोप लागली. झाकण सपाट आहे. चार्जर लावला की थरथरतो, पण प्लग नीट बसत नाही, धरून ठेवावा लागतो. अंधारात बघितलं, उजेड अजिबात नाही.

आणि कॉल उचलला गेला! अप्पांनी सवयीने बोट सरकवलं आणि माझ्या फोनवर त्यांचा "हॅलो" आला. म्हणजे टच चालू आहे ना? आता पुढे काय? कॉम्प्युटरला वायर लावून बघितली, फोनचं नाव येतं पण आत फोल्डर रिकामा दिसतो.

बार्शीकर_टॉकबॅक
मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. माझ्या फोनची स्क्रीन चालू असो की बंद, मला फरक पडत नाही, सगळं काम टॉकबॅकवर करतो, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय. तुमचा टच आणि स्पीकर चालू आहे ना, मग फोटो तुम्ही घरीच काढू शकता. सावकाश वाचा.

आवाजाची दोन्ही बटणं, वाढवायचं आणि कमी करायचं, एकदम तीन सेकंद दाबून धरा. यात पॉवरचं बटण नाही, त्यामुळे डेटाला धोका नाही. फोन थरथरेल आणि बोलायला लागेल. पहिल्यांदा "शॉर्टकट चालू करू का" असं विचारू शकतो, तसं वाटलं तर बटणं सोडून पुन्हा तेवढाच वेळ दाबा. तरी बोलला नाही आणि अप्पा बोलून शोध घेत असतील तर गुगल असिस्टंटला "टर्न ऑन टॉकबॅक" म्हणा.

टॉकबॅक चालू झाला की नियम बदलतो. एक बोट काचेवर ठेवून हळू फिरवलं की बोटाखाली जे आहे ते फोन वाचतो. उघडायचं असेल तर काचेवर कुठेही पटकन दोनदा टिचकी. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. सरकवायचं असेल तर दोन बोटं.

आता अप्पांच्या ठशाने फोन उघडा. वायर कॉम्प्युटरला लावा. वरच्या कडेवरून दोन बोटं खाली ओढा, सूचनांची पट्टी उघडते. मग एका बोटाने उजवीकडे झटके देत जा. घड्याळ, बॅटरी, आलेले मेसेज, सगळं वाचत जाईल. "चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी" किंवा त्यासारखं ऐकू आलं की दोनदा टिचकी. ते नुसतं उलगडलं असेल तर पुन्हा एकदा तिथेच दोनदा टिचकी. आत पर्यायांची यादी असते, झटके देत "फाइल ट्रान्सफर" पर्यंत जा आणि दोनदा टिचकी. कॉम्प्युटरवर फोल्डर लगेच भरलेला दिसेल. आत्ता तो रिकामा दिसतोय कारण वायर लावली की अँड्रॉइड फक्त चार्जिंग धरतो, फाइल द्यायची परवानगी माणसाने द्यावी लागते.

खोलीत पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. फोनचा आवाज पूर्ण वाढवा. डोळे काळ्या काचेकडे लावून बसू नका, त्याने गोंधळ होतो. नुसतं ऐका. आम्ही असंच करतो आणि ते अवघड नाही.

नवी_पेठ_रिपेअरिंग
मंगळवार, दुपारी १:१०

बार्शीकर, नमस्कार तुम्हाला. हे माझ्या ध्यानात आलं नसतं. आम्ही दुकानात काय करतो, टेस्टिंगचा फोल्डर (दुकानात काचेसकट अख्ख्या स्क्रीनला फोल्डर म्हणतात) नुसता जोडून बघतो, चिकटवत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर डेटा काढून घेतो. तुमच्या पद्धतीत फोन खोलावाही लागत नाही.

ताई, फोटो कुठे आहेत ते सांगतो. कॅमेऱ्याचे डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये. व्हॉट्सॲपचे अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप. ते अख्खं फोल्डर उचला, निवडत बसू नका. चॅटची रोज रात्री बनणारी प्रतही त्यातच असते. आणि कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर अप्पांचं व्हॉट्सॲप आधीपासून जोडलेलं असेल तर तिथूनही पार्टीचे फोटो उतरवून घ्या. मूळ फोन बंद पडला तरी ते १४ दिवस चालतं.

टच मेलेला असता तर ओटीजीला, म्हणजे फोनला माउस जोडायच्या छोट्या वायरीला, माउस लावून बघितलं असतं, पण बाणच दिसत नाही तिथे माउस काय कामाचा. काही महागडे फोन टाइप-सी मधून टीव्हीवर चित्र देतात, तिथे माउस उपयोगी पडतो. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय नसते.

अक्कलकोट_रोड
मंगळवार, रात्री ८:५०

आले! सगळे फोटो आले!

संध्याकाळी अप्पा आल्यावर बसलो. बटणं दाबली आणि काळ्या काचेतून बाईचा आवाज यायला लागला, अप्पा दचकलेच. ठसा माझा चालत नाही, त्यामुळे फोन त्यांच्या हातात आणि बार्शीकर दादांच्या सूचना मी वाचून दाखवत होते. पट्टी उघडली तेव्हा आधी गॅसच्या बुकिंगचा मेसेज वाचला, मग कुठल्याशा कर्जाची जाहिरात, मग यूएसबी. अप्पांची बोटं सुताच्या गाठी मारून जाड झालेली, टिचकी हळू पडायची आणि फोन नुसतं नाव पुन्हा वाचायचा. मग त्यांनी करंगळीने मारली आणि उघडलं.

डीसीआयएम आणि व्हॉट्सॲप दोन्ही फोल्डर माझ्या लॅपटॉपवर आहेत, वर एका पेनड्राइव्हवर. निळी बॉर्डरही सापडली. बार्शीकर दादा, अप्पा म्हणतात तुम्हाला टॉवेलचा सेट पाठवायचाय, पत्ता खासगी निरोपात (व्यनि) कळवा. नाही म्हणू नका.

नवी पेठवाले दादा, आता दुरुस्तीचं विचारते. स्क्रीन कुठली टाकू, आणि हे मुळात झालं कशाने? परत होईल का?

जुळे_सोलापूर
मंगळवार, रात्री ९:१५

मध्येच विचारतो, माफ करा. माझी स्क्रीन फक्त कॉलवर असताना काळी होते आणि कॉल संपला तरी उजळत नाही. हेच का?

नवी_पेठ_रिपेअरिंग
मंगळवार, रात्री १०:४५

जुळे सोलापूर, तुमचं वेगळं आहे. कानाशी फोन नेला की स्क्रीन विझवणारा सेन्सर वर, कॅमेऱ्याजवळ असतो. त्यावर टेम्पर्ड ग्लासची कड, डिंक किंवा मळ आला की फोनला वाटतं कान अजून तिथेच आहे. ग्लास काढून, मऊ कापडाने पुसून एक कॉल करून बघा. थांबलं तर दुसरी ग्लास घ्या, सेन्सरची जागा मोकळी असलेली.

ताई, फोटो आले हे वाचून फार बरं वाटलं.

टच चालू, उजेड शून्य, म्हणजे एकतर पॅनल मेलंय नाहीतर आतली डिस्प्लेची पट्टी कनेक्टरवरून सैल झालीय. आधी मागचं झाकण काढून पट्टी काढून परत बसवायला सांगा, दोन मिनिटांचं काम. कधी कधी तेवढ्यावर भागतं. स्क्रीन बदलायला लागलीच तर दुकानात तीन दर ऐकाल. कंपनीचा मूळ फोल्डर सगळ्यात महाग. मग कॉपी ओएलईडी, म्हणजे तुमच्या ॲमोलेडच्याच जातीची पण मूळ कंपनीची नसलेली. मग स्वस्तातला टीएफटी, म्हणजे साधा एलसीडी. तो जाड असतो, काच किंचित वर राहते, आणि अप्पांसाठी मुख्य मुद्दा, रंग बदलतात. ते पार्टीला सुताचा रंग फोनवर दाखवतात ना? मग टीएफटी टाकू नका. मोरपिशी दाखवायचा आणि निळा दिसायचा असं होतं. तुमचा ठसा बाजूच्या बटणावर आहे म्हणून बरं. ज्यांचा स्क्रीनखाली असतो त्यांचा तर टीएफटी लावल्यावर ठसाच चालत नाही.

फोन देताना पॅटर्न चिठ्ठीवर लिहून देऊ नका. अप्पांना सोबत न्या, लागेल तेव्हा ते उघडतील. पैसे द्यायच्या आधी पांढरा फोटो उघडून डाग बघा, कीबोर्डवर कडेची अक्षरं दाबून बघा, कॉल करून कानाशी धरून बघा.

कशाने झालं ते फोन उघडल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. पण डिकी मला खटकते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४२-४३ वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंत वापरा आणि ४५ च्या वर ठेवूच नका म्हणतं, बाकीच्या फोनांचं शरीर काही वेगळं नाही. तापलेला फोन फ्रिजमध्येही घालायचा नाही, आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवायचा.

प्लग नीट बसत नाही म्हणालात, ते मात्र इथूनच सांगतो. जॅकमध्ये सुताचं तूस दाबून बसलंय. कारखान्यातल्या माणसांचे फोन माझ्याकडे याच कारणाने रोज येतात. प्रत्येक वेळी प्लग घातला की तूस आत ठोकलं जातं, शेवटी नमद्यासारखा घट्ट थर होतो. बाहेर काढला की त्यात रंगांचे पदर दिसतात, गुलाबी, पांढरा, हिरवा, त्या त्या महिन्यात मागावर जे सूत होतं तसे. फोन बंद करून, चांगल्या उजेडात, दात कोरायच्या लाकडी काडीने कडेकडेने उकरा. टाचणी, सुई अजिबात नको, आतल्या पिना शॉर्ट होतात. फुंकर नको, थुंकीची ओल जाते. प्लग "टक्" करून पूर्ण आत बसला की झालं. पण हे स्क्रीन आल्यावरच करा, त्याआधी फोन बंद करू नका. आणि पुढे कारखान्यात फोन झाकण असलेल्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर जॅकला रबरी बूच मिळतं, ते लावा.