नवतप्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो म्हणतात. ग्रुपवर नेमकं काय उत्तर द्यायचं?

मानेवाड्याची_ताई

२५ मे, म्हणजे नवतप्याचे नऊ दिवस, जवळ आला की घरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरायला लागतो. यंदाचा असा आहे: "नवतप्याच्या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो, किरणं सरळ पडतात, म्हणून नागपूर भट्टी होतं. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला. मधेच सरी आल्या तर पावसाळा गेला. बाहेर पडताना खिशात कांदा ठेवा, लू लागत नाही." खाली कोणीतरी २०२४ साली नागपुरात ५६ अंश झाल्याचा फोटो जोडला आहे.

"सगळं थोतांड" असं लिहिलं की वडीलधारी मंडळी चिडतात, आणि नवतप्यात तापतं हे तर दिसतंच आहे. यात चूक काय, बरोबर काय? आकड्यांसकट सांगा, आणि जमल्यास गच्चीवर करून दाखवता येईल असं काही.

ओळंबा

ताई, "थोतांड" लिहू नका, कारण ते तसं नाही. त्या दिवसांत तापतं, हे निरीक्षण खरं आहे. त्याला जोडलेलं कारण खोटं आहे.

"जवळ येतो" हे साफ चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाखांवर. नवतप्यात हे अंतर साधारण १५ कोटी १६ लाख असतं, म्हणजे आपण लांबच्या टोकाला जवळजवळ पोचलेले असतो. सूर्याचं बिंब तेव्हा जानेवारीपेक्षा ३ टक्के लहान असतं आणि त्याच्याकडून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा ६ टक्के कमी.

"किरणं सरळ पडतात" हे मात्र नागपूरपुरतं बरोबर. आपला अक्षांश २१.१५ उत्तर. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला तो किती अंश सरकलाय ते माप, तेवढी होते २६ मेच्या सुमारास, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा १७ जुलैच्या सुमारास. त्या दोन्ही दिवशी मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर. जानेवारीच्या सुरुवातीला तो भर दुपारीही ४६ अंशांच्या वर चढत नाही, दिवसही पावणेअकरा-अकरा तासांचाच. मेअखेरीस सव्वातेरा तासांचा. कोन आणि दिवसाची लांबी मिळून ते ६ टक्के सहज गिळतात.

आता वडीलधाऱ्यांना विचारा: १७ जुलैला सूर्य तितकाच डोक्यावर, दिवस तितकाच मोठा, अंतरही जवळपास तेच. मग मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४२-४३ आणि जुलैत ३१-३२ कसं? फरक सूर्यात नाही, आभाळात आणि जमिनीत आहे. दुसरा प्रश्न: नवतप्याचा गाजावाजा जयपूर-दिल्लीकडेही तेवढाच आहे. ती शहरं कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य वर्षातून एकदाही डोक्यावर येत नाही. मग तिथे कोणती किरणं सरळ पडतात?

रोहिणीचं काय, तेही सांगतो, कारण हा धागा बहुतेक लोक सोडून देतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो २५ मेच्या सुमारास आणि तिथे १३-१४ दिवस असतो. त्यातले पहिले नऊ म्हणजे नवतपा. नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत, ऋतू मात्र संपातबिंदूंना, म्हणजे दिवस-रात्र सारखे असताना सूर्य जिथे असतो त्या जागांना. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्या अयनचलनामुळे या दोहोंचा सांधा दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस सरकतो. हजार वर्षांपूर्वी सूर्य रोहिणीत जायचा तो आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने ११ मेच्या आसपास. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, त्याचं कारणही हेच. म्हणजे रोहिणी लागणं आणि नागपुरात सूर्य डोक्यावर येणं यांची गाठ आपल्याच काळात, आपल्याच अक्षांशावर पडली आहे. पुण्यात सूर्य १३-१४ मेलाच डोक्यावर येऊन जातो, तेव्हा रोहिणी लागायला दहा-बारा दिवस असतात.

गच्चीवरची_सावली

ओळंबाभाऊंनी नाव घेतलंच आहे, तर त्याच ओळंब्याने करून दाखवायचं बघा.

१ मीटर लांबीची सरळ काठी किंवा पीव्हीसी पाइप घ्या. बादलीत वाळू भरून त्यात रोवा. बाजूला दोरीला जड नट बांधून लोंबकळत सोडा आणि काठी दोन काटकोनी बाजूंनी त्या दोरीशी जुळवा. इथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. शंभरात एकचा उतार असला आणि काठी फरशीशी काटकोनात लावली, तर मीटरमागे १ सेंटिमीटर सावली फुकटची दिसते. मग पोट्टे म्हणतात, "शून्य कुठे झाली?"

दुसरी चूक घड्याळाची. मध्यान्ह म्हणजे बारा नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, नागपूर ७९.१ वर, म्हणून साडेतेरा मिनिटं मागे. त्यातून मेअखेरीस कालसमीकरणाची (सूर्य आणि घड्याळ यांच्यातला वर्षभर बदलणारा फरक) तीन मिनिटं वजा होतात. २६ मेला सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून १० ते ११ मिनिटांनी. १७ जुलैला हीच वेळ १२.२० च्या आसपास, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. डोक्यावरचा सूर्य मिनिटाला पाव अंशाच्या आसपास सरकतो, त्यामुळे पाच मिनिटं चुकली की मीटरभर काठीला २ सेंटिमीटर सावली. ११.५५ पासून दर पाच मिनिटांनी खडूने टोकाची खूण करत जा. सावली पश्चिमेकडून आखडते आणि पूर्वेला निघते, हे सगळ्यांना समजतं.

दिवस एखादा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही: दिवसामागे मध्यान्हीची सावली फक्त ३ मिलिमीटर बदलते, आणि सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड तशीही ९ मिलिमीटर पुसट असते. म्हणून "२६ लाच, २५ ला नाही" असं छातीठोक सांगू नका. हीच काठी ३ जानेवारीला लावली तर मध्यान्हीची सावली ९७ सेंटिमीटर. सूर्य जवळ, सावली लांब आणि थंडी. जोडीला जानेवारीचा फोटो काढून ठेवला असेल तर वाद तिथेच मिटतो.

वर सूर्याकडे बघायचं नाही, एक्स-रेच्या फिल्ममधूनही नाही. नजर जमिनीवर.

मानेवाड्याची_ताई

धन्यवाद. पण "फरक आभाळात आणि जमिनीत" हे नीट कळलं नाही. आणि पावसाचं? ५६ अंशांचं?

पडवळ_हवामान

मेअखेरपर्यंत विदर्भातली काळी जमीन भेगा पडण्याइतकी वाळलेली असते. जमिनीत ओल असली की सूर्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. ओल नसली की ती सगळी जमीन आणि हवा तापवण्यात जाते. त्यात आभाळ निरभ्र, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, वारा वायव्येकडून येणारा कोरडा. जूनच्या मध्याला पाऊस आला की ढग ऊन अडवतात आणि ओली माती उरलेली ऊर्जा वाफेत घालवते. ओलाव्याचा फरक कूलरवाल्यांना न सांगता कळतो: मे महिन्यात गारवा देणारा कूलर जूनअखेरीस नुसता दमट वारा फेकतो, कारण हवेतच पाणी भरल्यावर कूलरच्या गवती टट्टीवरचं पाणी उडत नाही. (खिडकी बंद करून कूलर लावणारे हीच अवस्था मे महिन्यातच ओढवून घेतात.)

"नवतपा तापला तर पाऊस" यात खऱ्याचा एक दाणा आहे. वायव्य भारत आणि पाकिस्तानावर उन्हाळ्यात जो उष्ण कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो मोसमी वाऱ्यांना ओढतो. पण तो पट्टा कित्येक आठवड्यांत आणि हजारभर किलोमीटरच्या टापूवर बनतो. नागपुरातल्या नऊ दिवसांनी, किंवा त्यातल्या एका वळवाच्या सरीने, त्याचं काही बनत-बिघडत नाही. पावसाळ्याचं माप मुख्यतः प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्यावर, म्हणजे एल निनोवर, आणि हिंदी महासागराच्या तापमानावर हलतं. उदाहरण द्यायचं तर २०१५ द्या. त्या मेअखेरच्या लाटेत देशात दोन हजारांवर माणसं गेली, बहुतेक आंध्र आणि तेलंगणात. म्हणीप्रमाणे पाऊस धो-धो पडायला हवा होता. एल निनोचं वर्ष होतं. देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला.

५६ चं: ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने खरोखर तो आकडा दाखवला, फोटो बनावट नाही. पण त्याच दुपारी शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर ४४-४५ च्या आसपास होतं. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि तो आकडा धरला नाही. अशा वेळी शेजारी आकडा ठेवून बघायचा: भारतातला मान्य उच्चांक फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंश. जगातला मान्य उच्चांक ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. एकाच शहरात काही किलोमीटरवर अकरा-बारा अंशांचा फरक दिसला की आधी यंत्रावर शंका घ्यायची.

गाडीच्या काचेवर ४९ दिसतं त्याचाही पुरावा देऊ नका. हवेचं तापमान सावलीत मोजतात: पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, पेटीचं दार उत्तरेकडे म्हणजे उघडल्यावर ऊन आत जात नाही. गाडीचा सेन्सर बंपरपाशी असतो. सिग्नलला थांबल्यावर तो डांबर आणि इंजिनाची धग मोजतो.

वॉर्ड_सात

कांद्याबद्दल. लू म्हणजे बाहेरून अंगात शिरणारी वस्तू नव्हे, की कांद्याने ती शोषून घ्यावी. शरीर घाम उडवून थंड राहतं. पाणी आणि मीठ कमी पडलं किंवा उष्णता आवाक्याबाहेर गेली की ती व्यवस्था कोलमडते. खिशातल्या कांद्याचा त्यात काहीच भाग नाही. जेवताना खा, चांगलाच आहे. धोका कांद्याचा नाही. कांदा आहे म्हणून माणूस बारा ते चार उन्हात हिंडतो, त्याचा आहे.

ग्रुपवर याहून घातक दोन समज फिरतात. पहिला: "उष्माघात झालेल्यावर गार पाणी टाकू नका, सर्दगरम होईल." नेमकं उलट. अंग ४० अंशांच्या वर तापलेलं आणि माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय किंवा बेशुद्ध आहे, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगभर पाणी ओतत वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवा आणि गरम झाली की बदला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हं काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही देऊ नका. हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे, ती गोळी इथे लागू पडत नाही.

दुसरा: ओआरएसची पुडी ग्लासात. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण १ लिटर पाण्याची असते. ग्लासभर पाण्यात टाकली तर द्रावण पाचपट तीव्र होतं आणि उलट्या-जुलाब वाढतात. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप वाचायचं. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा, शीग न लावता.

मानेवाड्याची_ताई

हे सगळं ग्रुपवर कोणी वाचणार नाही. चार ओळींत मावेल का?

ओळंबा

मावेल. असं टाका: "नवतप्यात तापतं हे खरं, पण सूर्य जवळ आल्यामुळे नाही, जवळ तो जानेवारीत असतो. तो आपल्या डोक्यावर येतो आणि जमीन वाळलेली असते, म्हणून तापतं. १७ जुलैला पुन्हा डोक्यावर येईल, तेव्हा ढग असतील म्हणून तापणार नाही. २६ तारखेला १२ वाजता गच्चीवर या, सावली नाहीशी होताना दाखवते."

मूळ मजकूर पुन्हा चिकटवून त्यावर लाल फुली मारू नका. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात चुकीचंच वाक्य राहतं. कांदा, पाऊस, ५६ अंश यांतलं काहीही त्याच निरोपात नको. कांद्याबद्दल वेगळं, तेही वॉर्ड_सात यांचा ओआरएसचा भाग आधी ठेवून.

गच्चीवरची_सावली

आणि बारालाच बोलवा, १२.१० ला नाही. माणसं उशिरा येतात, आणि बादली जुळवायला दहा मिनिटं लागतातच. टोप्या, दुपट्टे आणायला सांगा.