मदत हवी आहे: मिरजेच्या तंबोऱ्यांच्या वेबसाइटवर गूगलमधून लोक कसे आणावेत?

नमस्कार मंडळी,

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागीर कुटुंबाच्या वेबसाइटसाठी विचारतोय. मी सांगलीत कॉम्प्युटर शिकवतो. माझी सतार त्यांच्याकडचीच आहे आणि तिथल्या वयस्कर कारागिरांची, म्हणजे आमच्या चाचांची, साइट सध्या मीच बघतो. जाहिरातीसाठी पैसा नाही. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणायचा, महिनोन् महिने सुकवायचा, दांडीसाठी तून लाकूड आणून ठेवायचं, त्यातच भांडवल अडकून पडतं. तेव्हा येईल ते गिऱ्हाईक सर्चमधून फुकटच यायला हवं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण त्या नावाने शोधणारा माणूस गल्लीपर्यंत पोचत नाही. 'मिरज तंबोरा' टाकलं की मोठ्या शहरांतले विक्रेते वर येतात. त्यांच्यातल्या काहींकडचं वाद्य याच गल्लीत घडलेलं असतं, कारागिराचं नाव मात्र कुठेच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा खटाटोप.

साइट वर्डप्रेसवर आहे. सर्च कन्सोल (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) जोडलंय, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) दिलाय. सेटिंग्जमधल्या 'रीडिंग'मध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी जी टिक असते, तीही नाही. तरी वाद्यांची बहुतेक पानं 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' (गूगलने वाचली, पण शोधयादीत घेतली नाहीत) या खान्यात पडून आहेत. प्रत्येक तंबोऱ्याला वेगळं पान आहे, पण मजकूर तोच, फक्त मोजमाप आणि किंमत बदलते. दरपत्रक डीटीपीवाल्याने करून दिलेली जेपीजी आहे.

एकच पान चालतं, जवारीचं, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून त्या टेकतात ती घोडी घासून जुळवण्याचं. चाचा जवारी काढत असताना शेजारी बसून मी ते लिहून घेतलं होतं. घोडीच्या माथ्यावरून कानस अगदी हलकी फिरवतात, लगेच तार छेडून ऐकतात, परत फिरवतात. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. आवाज उघडला की हात थांबतो, त्यानंतर घोडीला कुणी बोट लावायचं नाही. या पानावर परदेशातूनही लोक येतात. सर्च कन्सोलमध्ये त्यांचे शब्द दिसतात: 'तानपुरा साउंड डल', 'तानपुरा बझिंग', 'तंबोरा बोलत नाही'.

आता प्रश्न. वाद्यांची पानं गूगल घेत का नाही? मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर ठेवू की वेगळा? आणि एका एजन्सीने '५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका), महिन्यात पहिलं पान' अशी हमी दिली आहे, पैसे थोडेच आहेत. जाणकारांनी सांगा, करावं का?

---

रात्रपाळी:

एजन्सीला आधी नाही म्हणा. विकतच्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत, २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (गूगलने शोधाच्या पद्धतीत केलेला बदल) तर त्यावर खास नजर आहे. पहिल्या पानाची हमी गूगलबाहेरचा कुणीही देऊ शकत नाही. देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पानांचं कारण तुम्हीच लिहिलंय. गूगल आलं, पान वाचलं आणि ठेवण्यासारखं वेगळं काही सापडलं नाही. सारख्या मजकुराची पानं एकत्र करा. पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा, बायकांच्या आवाजाचा, प्रवासाचा छोटा, सतार, असं प्रकारागणिक एकेक भरगच्च पान पुरे. जुने पत्ते नुसते डिलीट करू नका, नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान उघडेल अशी सोय) लावा.

दरपत्रकाची जेपीजी काढून साधा टाइप केलेला तक्ता टाका. चित्रातल्या अक्षरांवर गूगलने विसंबावं अशी अपेक्षा ठेवू नये, आणि मोबाइलवर ती वाचताही येत नाहीत. एक तपासणी आजच करा: पानावरचा मराठी मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधून आलेला असेल तर तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, आणि गूगललाही तोच कचरा दिसतो. युनिकोड असेल तर काळजी नाही. डीटीपीवाल्यांकडून आलेल्या मजकुरात हा घोळ हमखास असतो.

फोटो लहान करा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे आणि ते मोबाइलवरचं पान बघतं. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) भरत बसू नका, तो आपण बघत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय.

आणि जवारीच्या पानावरून तंबोऱ्यांच्या पानांना लिंक आहे का? नसेल तर तिथून सुरुवात करा. लोक येतायत तिथूनच त्यांना आत न्या.

---

कोमलनिषाद:

मला तांत्रिक काही कळत नाही, पण मी गाते, शिकवते आणि तंबोरा विकत घेताना काय काय शोधलं ते आठवतं. आम्ही 'उत्तम प्रतीचा' असं कधीच शोधत नाही. माझी पट्टी (हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर सा लावते ती) काळी पाच, तिला कुठला तंबोरा लागेल? तार तुटली तर कुठली मागवू? विमानात नेता येईल का, तंबोरा ठेवायची पेटी कशी असते? माझी एक विद्यार्थिनी कॅनडात आहे, तिथे हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की भोपळ्याला तडा जाईल म्हणून ती धास्तावलेली असते. यावर मराठीत काय, इंग्रजीतही धड लिहिलेलं तिला मिळालं नव्हतं. ही उत्तरं चाचांना तोंडपाठ असणार. त्यांना बोलतं करा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

एक ध्यानात ठेवा, आपण 'काळी एक' म्हणतो तिथे बाहेरचा माणूस 'सी शार्प' शोधतो. दोन्ही लिहा.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. नोटपॅडची तपासणी केली. 'आमच्याविषयी'चं पूर्ण पान कचरा निघालं! बाकीचं युनिकोड आहे. जवारीच्या पानावरून लिंक नव्हती, ती आताच दिली. एजन्सीला नकार कळवला.

पण मग लिंका येणार कुठून? आणि हल्ली गूगल स्वतःच वर एआयचं उत्तर देतं, तर असे माहितीचे लेख लिहून लोक येतील का?

---

रात्रपाळी:

काही जण वरचं उत्तर वाचूनच जातील, ते खरं आहे. 'तंबोऱ्याला किती तारा' यावर पान लिहून आता फार उपयोग नाही. पण जवारी बिघडलेला माणूस उत्तर वाचून थांबत नाही, त्याला कारागीर हवा असतो. कोमलताईंनी दिलेले प्रश्न त्याच जातीचे आहेत. तिथे स्वतः काढलेले फोटो आणि जवारीआधीचा-नंतरचा आवाज टाका. हे तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

लिंकांसाठी चाचांकडून वाद्य घेतलेल्या गायक-वादकांना विचारा. पुष्कळांची स्वतःची साइट किंवा क्लासचं पान असतं. 'माझा तंबोरा यांनी घडवला' एवढं एक वाक्य आणि लिंक, ही विकतच्या ५०० लिंकांपेक्षा मोलाची. कारागिराचं नाव दिसत नाही ही तुमची खंतही त्याने थोडी भागेल.

आणि गूगल बिझनेस प्रोफाइल काढलंय का? फुकट असतं. दुकानाचा, कारखान्याचा व्हिडिओ दाखवून पडताळणी करायला सांगतात बहुधा. मिरजेत उतरून 'तंबोरा दुरुस्ती' शोधणाऱ्याला नकाशावर आधी तेच दिसेल.

---

देवनागरीप्रेमी:

भाषेचं राहिलं. मराठी आणि इंग्रजी पानं वेगळी ठेवा, दोघांत एचरेफलँग (हे त्याच पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप, असं गूगलला सांगणारी खूण) लावा, आणि तो दोन्ही बाजूंनी असू द्या. एकाच बाजूने लावला तर गूगल तो धरत नाही. मराठी पान आधी लिहा आणि इंग्रजी मशीनवर सोडू नका. 'जवारी'चं भाषांतर करायला गेलं तर मशीन काहीही लिहील. तो शब्द तसाच ठेवून पुढे एका वाक्यात समजावून सांगा.

---

धागाकर्ता:

बिझनेस प्रोफाइल नव्हतं, आज अर्ज केला. व्हिडिओच मागितलाय. चाचांशी बोललो, रविवारी बसायचं ठरलंय: आधी तारा, मग पेटी आणि विमान, मग भोपळ्याचे तडे. कोमलनिषाद, तुमच्या विद्यार्थिनीला विचाराल का, तिच्या खोलीत आर्द्रता किती असते आणि तंबोरा ती कशात ठेवते? चाचा म्हणाले, ते कळल्याशिवाय उत्तर देणार नाही.