रिकामी बसलेन बघून इतकं पोटात का दुखतं?

खिडकीची जागा
परवा इथे एकाने फोटो टाकला होता. मेट्रो स्टेशन ते विद्यापीठ रस्त्यावर नवीन आखलेली बसलेन, सकाळचे अकरा, लेनमध्ये काळं कुत्रं नाही आणि शेजारी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. खाली एकच ओळ: 'आपल्या करातून बांधलेलं क्रिकेटचं पीच.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

अहो, बसलेन रिकामी दिसते कारण ती चालते! दर दोन मिनिटांनी बस धरा, म्हणजे तासाला ३०. एका ठिकाणावरून बस जायला तीन-चार सेकंद लागतात. उरलेली ११६ सेकंदं तिथे डांबरच दिसणार. कधीही कॅमेरा काढा, फोटो डांबराचाच येणार. बसमध्ये ६० माणसं धरली तर तासाला १८००. शेजारच्या लेनमधून, सिग्नलच्या रस्त्यावर, तासाला सातशे-आठशे गाड्या निघाल्या तरी डोक्यावरून पाणी. आणि गाडीत माणसं किती? स्टिअरिंगमागे एक, बाजूच्या सीटवर लॅपटॉपची बॅग.

अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे. तिचा अंदाज असा की तीन मीटरची एक लेन गाड्यांना दिली तर तासाला ६०० ते १६०० माणसं जातात, फक्त बसला दिली तर ४००० ते ८०००. हे माझं वैयक्तिक मत नाही.

वैयक्तिक मत हे: लेन आखल्यापासून तीन आठवडे पहिल्या लेक्चरला मला पुढच्या बाकावर जागा मिळते आहे. याआधी मी दाराजवळच्या बाकावरची कायमची रहिवासी होते.

उजवी बाजू
फोटो माझाच, तेव्हा वकिलीही मीच करतो. तुमचं गणित ऐकायला गोड आहे, फक्त त्यात बस हवी. दोन मिनिटांना बस कुठल्या स्वप्नात येते? फोटो काढून मी पळालो नव्हतो, तिथेच अर्धा तास अडकलो होतो. चार बस गेल्या. चार! दोनमध्ये माणसं बोटांवर मोजली. आता करा भागाकार.

विद्यापीठाची गर्दी म्हणजे सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढीच. परीक्षा संपल्या की तीही नाही. त्यासाठी वर्षभर, दिवसरात्र एक अख्खी लेन अडवायची?

आणि ती लॅपटॉपची बॅग. माझ्या बाजूच्या सीटवर वडील असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो, याच रस्त्याने. आधी वीस मिनिटं लागायची, आता पस्तीस. येताना त्यांना मान धरवत नाही. तुमच्या पुढच्या बाकाचं मला कौतुक आहेच.

सायकलची घंटी
दोघांनाही एक साधा प्रश्न. सायकल कुठे चालवायची? बसलेनमध्ये गेलो तर मागून हॉर्न, गाड्यांच्या लेनमध्ये गेलो तर शिव्या, फुटपाथवर गेलो तर आजोबांची काठी. असो. आमचं कोण ऐकतंय.

शुद्धमती
'बसलेन' हा काय शब्द आहे? मार्गिका हा सुंदर शब्द आपल्याकडे असताना! त्या फलकावर तर 'समर्पित बस मार्गिका' लिहिलंय. समर्पित? कोणाच्या चरणी? 'राखीव' म्हणा ना सरळ.

उजवी बाजू
राखीव म्हटलं की दुसराच वाद सुरू होईल, ताई. समर्पितच असू द्या.

बेल दोनदा
३१ वर्षं कंडक्टरकी केली, आता निवृत्त. तुम्ही सगळे रस्त्याकडे बघताय, बसकडे कोणी बघत नाही.

बसचा बराचसा वेळ थांब्यावर जातो. एका दारातून चाळीस पोरं चढायची, प्रत्येक जण पायरीवर उभं राहून पास शोधणार. माणशी तीन सेकंद धरा, दोन मिनिटं तिथेच गेली. लेन सोन्याची करा, ती दोन मिनिटं परत येत नाहीत. स्टेशनच्या थांब्यावर तिकीट खालीच तपासा आणि दोन्ही दारं उघडा.

दुसरं म्हणजे लेन संपते ती जागा. विद्यापीठाच्या चौकाच्या साधारण ऐंशी मीटर अलीकडे पट्टा संपतो, कारण डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना जागा हवी. तिथे ड्रायव्हर इंडिकेटर लावून, खिडकीतून हात काढून उभा. कोणी घेत नाही. दोन किलोमीटर मोकळं पळायचं आणि दारात येऊन भीक मागायची. मागच्या आठवड्यात मुद्दाम बसून गेलो. त्या ऐंशी मीटरला सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला, शप्पथ.

धुक्यातला
काकांशी शंभर टक्के सहमत. मी कॅनडात व्हँकुव्हरला शिकायला होतो. तिथे ९९ बी-लाइन नावाची बस आहे, स्कायट्रेन म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनवरून थेट यूबीसी विद्यापीठात जाते. १९९६ पासून चालू आहे आणि त्या खंडातल्या सगळ्यात गर्दीच्या बसमार्गांत मोजली जाते. तिथेही पोरं थांब्यावर उभी आणि भरलेली बस समोरून निघून जाते, असं रोज व्हायचं. २००७ मध्ये त्यांनी सगळ्या दारांतून चढायची मुभा दिली. बसलेन आहे, पण ठरावीक भागात, मुख्यतः गर्दीच्या वेळी. 'उजवी बाजू' म्हणतात तसंच, म्हणजे वेळ बांधून.

आता तिथे भुयारी मेट्रो बांधतायत. तीही विद्यापीठापर्यंत नाही, अलीकडच्या आर्बुटस स्टेशनपर्यंतच. पुढे परत बस आहेच.

उजवी बाजू
परदेशातलं कशाला? दिल्लीचं बघा. आंबेडकर नगर ते मूलचंद, पावणेसहा किलोमीटरचा बसमार्ग, २००८ ला सुरू आणि २०१६ ला उखडून टाकला. करायलाही आपलेच पैसे आणि मोडायलाही आपलेच.

खिडकीची जागा
दिल्लीचं पूर्ण सांगा मग. तो मार्ग बंद करा म्हणून २०१२ मध्ये लोक हायकोर्टात गेले होते, याचिका फेटाळली गेली. लेन रस्त्याच्या मधोमध होती, त्यामुळे बस पकडायला चालत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायचा. सिग्नल इतके लांब की आत बसचीच रांग. म्हणजे आखणी चुकली. एकाला भात करपला म्हणून तुम्ही तांदूळ पिकवणं बंद करताय.

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, हे मनापासून. पण बसमधून डायलिसिसला जाणारेही असतात. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

उजवी बाजू
हे वाक्य लिहिताना बरं वाटलं असेल. सुया टोचून आलेल्या माणसाला घेऊन एकदा बसमध्ये चढून दाखवा, मग बोलू.

हॉस्टेल चार
तुमचं भांडण चालू द्या, पण बस जाते कुठपर्यंत? गेटपर्यंत! आत नाही. लेन आली, बस वेळेवर आली, नऊ मिनिटांत गेटवर पोचले. तिथून माझं डिपार्टमेंट दीड किलोमीटर. उन्हात, पावसात, रात्री लायब्ररीतून येताना बंद दिव्यांखालून. गेटवरचे काका ओळखपत्र बघतात, मग बॅग बघतात, मग पुन्हा ओळखपत्र बघतात. सकाळी तिथे जी रांग लागते ती तुमच्या ट्रॅफिक जॅमपेक्षा मोठी असते. तोंडी परीक्षेला अकरा मिनिटं उशीर झाला माझा. बसमुळे नाही, गेटमुळे. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, 'राहता कुठे?' म्हटलं, कॅम्पसमध्येच. ते हसले. मार्क हसण्यासारखे नव्हते.

रिटायर्ड नाही अजून
गेटचा विषय निघालाच आहे तर विद्यापीठात शिकवणाऱ्याचीही बाजू ऐका. आत बस सोडली की मागून सगळंच येतं. आत प्रयोगशाळा आहेत, झाडी आहे, शांतता आहे. बाहेरच्या लोकांनी कॅम्पसचा शॉर्टकट केला होता तेव्हाचे दिवस मी पाहिलेत. वर्गात व्याख्यान आणि खिडकीबाहेर करकरणारे ब्रेक. विद्यार्थ्यांनी दीड किलोमीटर चालायला काय हरकत आहे? आम्ही चालायचो.

हॉस्टेल चार
सर, आपण आता कशाने येता?

रिटायर्ड नाही अजून
तो प्रश्न गैरलागू आहे.

हॉस्टेल चार
माझ्या डिपार्टमेंटच्या दारात सावलीतली बावीस पार्किंगं आहेत, सगळी 'फक्त अध्यापकांसाठी'. मोजलीत मी, वाट बघताना दुसरं काय करणार. झाडीतली शांतता बावीस गाड्यांनी बिघडत नाही आणि एका बसने बिघडते?

रिटायर्ड नाही अजून
भाषा जपून वापरा. मी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी आणू लागलो. प्रत्येक गाडीवाल्याला सरंजामदार ठरवण्याची ही फॅशन झाली आहे.

बेल दोनदा
सर, चिडू नका. गुडघे आमचेही गेलेत, ३१ वर्षं उभं राहून. आम्हाला सावलीतलं पार्किंग कोणी दिलं नाही, बसचा खांब दिला. पोरगी चुकीचं बोलत नाहीये. बस गेटवर वळवायला तिथे जागा नाही, हे कोणी बघितलंय का? बस रिव्हर्स घेते, मागे पोरांचा घोळका, कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो. आत गोल चक्कर मारून आली तर रिव्हर्स घ्यायलाच नको. चार मिनिटं तिथे वाचतील. फेरी लवकर पुरी झाली की तेवढ्याच गाड्यांत जास्त फेऱ्या. मग 'उजवी बाजू' साहेबांना साडेसात मिनिटांच्या आधीच बस दिसेल.

सायकलची घंटी
आणि सायकल स्टँड?

धुक्यातला
सोलचं उदाहरण इथे चपखल बसतं. सिनचोन मेट्रो स्टेशन ते योनसेई विद्यापीठाचं गेट, साधारण ५५० मीटरचा रस्ता. २०१४ मध्ये तिथे खाजगी गाड्या बंद केल्या, फक्त बस, सायकल आणि पायी चालणारे. फुटपाथ रुंद केले. स्टेशन आणि विद्यापीठ जोडायचं ते असं.

उजवी बाजू
अर्धीच गोष्ट सांगितलीत. धंदा बसला म्हणून दुकानदार ओरडले, २०२३ मध्ये गाड्या तात्पुरत्या सोडून पाहिल्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला बंदीच काढून टाकली. मीही वाचतो थोडंफार.

धुक्यातला
काढली, मान्य. पण तिथे अख्खा रस्ता बंद होता, इथे एक लेन आहे. त्याच सोलमध्ये २००४ पासून मोठ्या रस्त्यांवर मधोमध बसलेन आहेत, त्या कोणी उखडल्या नाहीत. आणि 'सोल नॅशनल युनिव्हर्सिटी' नावाच्या स्टेशनवर उतरलात तर विद्यापीठ तिथून दोनेक किलोमीटर लांब. नवखी मुलं सूटकेस घेऊन विचारत फिरतात. आपलं स्टेशन निदान खोटं बोलत नाही.

शुद्धमती
आपल्या स्टेशनच्या नावात 'विद्यापीठ'चा पहिला 'वि' दीर्घ छापलाय. तेवढं तरी कोणी बदलेल का?

खिडकीची जागा
धागा माझा होता अशी एक अंधुक आठवण आहे. बसलेनवरून सुरू झाला, पार्किंगवरून गुडघ्यांवर गेला, आता 'वि'वर आलाय.

'उजवी बाजू', काल रात्री झोप आली नाही म्हणून तुमचा भागाकार केला. साडेसात मिनिटांना एक म्हणजे तासाला आठ. आठही भरलेल्या असल्या तरी ४८०. म्हणजे सकाळी अकराला तुमची लेन माझ्या लेनपेक्षा जास्त माणसं नेते. लिहायला जड जातंय, पण लिहिलं. सकाळी आठ ते दहा मात्र मी हलणार नाही. तेव्हा मी स्वतः मोजल्यात, तासाला २६ बस आणि दारात लोंबकळणारे वेगळे. दुपारी लेन सगळ्यांना खुली करा, फलकावर वेळ लिहा.

तुमची ती सुयांची गोष्ट वाचल्यावर माझं आधीचं वाक्य परत वाचलं. नको होतं लिहायला.

उजवी बाजू
ठीक आहे. आठ ते दहा घ्या. आमची वेळ अकराचीच असते, त्यामुळे माझं औदार्य फुकटचं आहे, फार कौतुक करू नका. आणि त्या ऐंशी मीटरचं काहीतरी करा. काका म्हणतात तशा बस तिथे आमच्या लेनमध्ये घुसायला बघतात तेव्हा आम्हीही तिथेच अडकतो. बससाठी आधी हिरवा होणारा सिग्नल असतो म्हणतात, तो बसवा. हे मी बसच्या बाजूने बोलत नाहीये.

बेल दोनदा
नाही नाही, कोण म्हणेल.

रिटायर्ड नाही अजून
कॅम्पसमध्ये बस आणण्याच्या प्रस्तावाला माझा तात्त्विक विरोध कायम आहे. मात्र फेरी आत आलीच, तर आमच्या विभागासमोर थांबा असावा.

हॉस्टेल चार
सावलीत ना, सर?

उजवी बाजू
आता सव्वाआठ. वडिलांची तारीख आज लवकरची आहे, म्हणून तुमच्या त्या पवित्र वेळेत अडकलोय. लेन रिकामी नाही, अभिनंदन. एक टेम्पो उभा आहे, दोघं जण फरशा उतरवतायत, एकेक पुसून. मागे तीन बस.

शुद्धमती
समर्पित टेम्पो मार्गिका.

खिडकीची जागा
मधल्या बसमध्ये मी आहे. फोटो काढायचाच तर आज काढा, आणि टेम्पोचा नंबर नीट येऊ द्या.