शेजार आहे, सोयरीक नाही

"स्वीडन आणि फिनलंड शेजारी देश, म्हणजे स्वीडिश आणि फिनिश या भाषा मराठी-कोंकणीसारख्या असतील" असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. स्वीडिश जर्मनिक (जर्मन-इंग्रजीच्या गटातली), म्हणजे लांबून का होईना आपल्याच भाऊबंदातली: आपलं तीन, त्यांचं 'त्रे'. फिनिशमध्ये तेच 'कोल्मे'! ती वेगळ्याच, उराली भाषाकुळातली, एस्टोनियनची सख्खी बहीण आणि हंगेरियनची दूरची नातलग.

गंमत म्हणजे परकी असूनही फिनिशची घडण मराठी माणसाला ओळखीची वाटते. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. स्वीडिशला इथे इंग्रजीसारखी शब्दयोगी अव्ययं आधी लावावी लागतात. फिनिशच्या पंधरा विभक्त्या ऐकून घाबरू नका, आपणही दिवसभर प्रत्ययच चिकटवत असतो. शिवाय लिंगभेद नाही, तो आणि ती दोघांनाही 'हॅन'. (आपल्याकडे असतं तर 'तो चहा की ती चहा' हा वाद मिटला असता.)

उसनवारी मात्र भरपूर. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता, आजही तिथे फिनिशबरोबर स्वीडिशही राजभाषा आहे आणि हेलसिंकीत रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. राजाला फिनिशमध्ये 'कुनिंगास' म्हणतात. हा प्राचीन जर्मनिक शब्द त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा जपला, स्वीडिशमध्ये तो झिजून 'कुंग' झाला.