जवानाला पावडरचं रक्त देता येते का?

धानपट्टा_आरमोरी
माझा लहान भाऊ फौजेत आहे, सध्या वर बर्फात ड्युटी. दिवाळीच्या सुटीत धान कापता कापता बोलला, "ताई, अमेरिकेत रक्ताची पावडर करून राहिले. पाणी टाकलं की रक्त तयार." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आमच्या काकाच्या पोराला सिकलसेल (लाल पेशींचा जन्मजात आजार) आहे, रक्ताच्या पिशवीसाठी दरवेळी गडचिरोली नाही तर ब्रह्मपुरी गाठावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडकडच्या लोकांचा तर रस्ताच बंद. खरंच असं रक्त निघालं आहे का? जखमी जवानाला जागेवर देतात का? आणि आमच्या पीएचसीत येईल का कधी?

जुना_नर्सिंग_असिस्टंट (मेहकर)
ताई, मी 17 वर्षं आर्मी मेडिकल कोरमध्ये होतो. भाऊ खोटं नाही बोलला, पण त्यात दोन गोष्टी एक झाल्या.

पावडर आज वापरात आहे ती प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या पाण्याची. दुसऱ्या महायुद्धातही सुका प्लाझ्मा वापरला होता. फ्रान्सचं सैन्य 1994 पासून तो बनवते. फ्रीज लागत नाही, काही मिनिटांत विरघळते. रक्त गोठायला त्याची मदत होते, पण तो ऑक्सिजन वाहत नाही. ते काम लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनचं, आणि त्याचा पर्याय अजून प्रयोगातच आहे.

अडलं कुठं, ते सांगतो. हिमोग्लोबिन पेशीबाहेर मोकळं सोडलं की ते नसा सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. नसा आवळतात, हृदयावर ताण येतो. 'हेमअसिस्ट' नावाच्या औषधाची चाचणी अमेरिकेत 1998 मध्ये थांबवावी लागली. ते दिलेल्या 52 जखमींपैकी 24 दगावले, सलाईन दिलेल्या 46 पैकी 8. हे आकडे मी विसरू शकत नाही. तीही कोणाची तरी लेकरं होती.

म्हणून आता हिमोग्लोबिन चरबीच्या बारीक कवचात बंद करून राहिले. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाला 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, डार्पाने, 4 कोटी 60 लाख डॉलर दिले. त्यांचं 'एरिथ्रोमर' सशांवर तपासलं आहे. भाऊ सांगत होता ती पावडर बहुधा हीच. जपानात नारा वैद्यकीय विद्यापीठ मुदत संपलेल्या रक्तातून असंच काहीतरी बनवते. त्याला रक्तगट जुळवायची गरज नाही.

थर्मोकोलचा_डबा
मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, यवतमाळ जिल्ह्यात. लाल पेशी 2 ते 6 अंशांतच ठेवाव्या लागतात, टिकतात 35 ते 42 दिवस. प्लेटलेट्स तर जेमतेम 5 दिवस. मे महिन्यात एसटीने पिशव्या पाठवताना बर्फ किती उरला असेल, हाच घोर लागून राहते. डबा उघडला आणि आत कोमट पाणी दिसलं, की पिशवी बाजूला काढावीच लागते. आणि बाहेर नातेवाईक उभे असतात.

धानपट्टा ताई, तुमच्या भावासाठी (सिकलसेलवाल्या) मात्र यावर आस लावू नका. हे पर्यायी रक्त अंगात दिवस-दोन दिवस टिकते. खऱ्या लाल पेशी 120 दिवसांपर्यंत जगतात. जखमीला दवाखान्यापर्यंत पोचवायला ते कामाचं, महिन्या-महिन्याला रक्त लागणाऱ्याला नाही. त्याला रक्तदातेच लागतील. त्याचा गट इथं लिहा, मी आमच्याकडे विचारतो.

धानपट्टा_आरमोरी
बी पॉझिटिव्ह आहे जी. मग बर्फात भावाला काही झालं तर तोवर काय?

जुना_नर्सिंग_असिस्टंट (मेहकर)
आधी रक्त थांबवणं. माझ्या वेळी आम्ही सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावायचो. रक्त पातळ व्हायचं, अंग थंड पडायचं, आणि जमलेली गाठ पुन्हा सुटायची. आता तसं करत नाहीत. जमलेली गाठ सुटू न देणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन 3 तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे 20,000 हून जास्त जखमींच्या अभ्यासात 2010-11 मध्ये दिसलं. स्वस्त औषध आहे, तुमच्या पीएचसीत विचारून पाहा.

आणि भावाला एवढं विचारा, त्याचं टर्निकेट (रक्त थांबवायला हात-पाय आवळायचा पट्टा) पाठीवरच्या पिशवीत आहे की छातीच्या खिशात? हात तुटला तरी दुसऱ्या हाताने निघालं पाहिजे.

धानपट्टा_आरमोरी
रात्री फोन लागला. पिशवीत तळाशी होतं. बोलत बोलतच काढून खिशात टाकलं त्यानं.