एका वाक्यात दोन 'सीमांत'

वामकुक्षी
भाची यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. बी.ए. मराठीतून केलं आणि आता सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राची सगळी पुस्तकं इंग्रजी. मी तिला मराठीत टिपणं काढून देतो. परवा अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइसच्या १९५४ च्या लेखावरचं टिपण काढताना हे वाक्य लिहिलं: 'सीमांत शेतकऱ्याच्या रानात घरच्या पाचव्या माणसाची सीमांत उत्पादकता शून्याच्या आसपास असते.' तिचा फोन आला, "मामा, हे बॉर्डरवरच्या शेतकऱ्यांबद्दल आहे का?" तिचे वडील स्वतःच सीमांत, ३२ गुंठे!
दोन्ही जागी इंग्रजीत 'मार्जिनल' आहे. यातला एक सीमांत काढायचा आहे. कुठला काढू आणि त्या जागी काय घालू?

गुंठामंत्री
शेतकऱ्याचा काढा. १ हेक्टरच्या आत 'अत्यल्प भूधारक', त्याच्या वर २ हेक्टरपर्यंत 'अल्प भूधारक'. तलाठ्याकडच्या दाखल्यावर हेच असतं. मिटलं.

वामकुक्षी
मिटलं असतं, पण पुढच्याच पानावर अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोची 'सीमांत जमीन' आहे. जिच्यात पिकवायचा खर्च जेमतेम सुटतो, मालकाला खंड (जमिनीचं भाडं) म्हणून काही उरत नाही, ती. तिला अत्यल्प जमीन म्हणू?

फोडणी
हे संस्कृत गोळे हवेत कशाला? 'वाढीव' म्हणा. एक माणूस जास्त लावला की उत्पादनात पडते ती भर. वाढीव उत्पादन, वाढीव खर्च. शेंबडं पोरही समजेल.

करवंद
फोडणी, पंधरा वर्षं हाच विषय शिकवतेय. 'वाढीव' फळ्यावर लिहून पाहिला आहे. खर्चापर्यंत ठीक चाललं, मग 'घटत्या वाढीव उपयोगितेचा नियम' आला आणि मागचा बाक फुटला. शिवाय वाढीव खर्च म्हटलं की पोरांना अंदाजपत्रकाबाहेर गेलेला पूल आठवतो.
मी आपली मेसच्या पोळ्यांवर येते. पहिल्या पोळीला जीव कासावीस, तिसरीला बरं वाटतं, पाचवी वाढप्याच्या आग्रहाखातर. एकूण समाधान वाढतंच आहे, पण प्रत्येक पोळीगणिक पडणारी भर कमी कमी होते. ही भर म्हणजे सीमांत उपयोगिता. वर्गात माना डोलतात आणि पेपरात लिहितात, 'शेवटच्या पोळीची उपयोगिता'. मी निम्मे मार्क देते.

खडीसाखर
निम्मे का म्हणून? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८७१ मध्ये शब्द वापरला तो 'अंतिम' याच अर्थाचा. सीमा आली ती जर्मनमधून. ऑस्ट्रियाच्या व्हीझरने १८८४ मध्ये 'ग्रेन्झनुत्झेन' म्हटलं, ग्रेन्झ म्हणजे सीमा. तुमच्या पोरांच्या बाजूने जेव्हन्स उभा आहे हो!

करवंद
जेव्हन्सलाही निम्मेच. व्हीझरच्याच पंथातल्या बोम-बावर्कचा पाच पोत्यांचा दाखला आठवा. एका शेतकऱ्याकडे धान्याची पाच पोती. एक पोटाला, दुसरं अंगात ताकद राहावी म्हणून, तिसरं कोंबड्यांना, चौथ्याची दारू आणि पाचवं करमणुकीला पाळलेल्या पोपटांना. आता एक पोतं चोरीला गेलं. कुठलंही जाऊ दे, उपाशी राहणार पोपटच. म्हणजे पाचही पोत्यांची किंमत पोपटाच्या पोत्याएवढी. 'शेवटचं' म्हटलं की पोरांना कोपऱ्यातलं एक विशिष्ट पोतं दिसतं. तसं पोतं नसतंच. सगळी सारखी.

फोडणी
पोपट झाला माझा. पण मग सरळ 'मार्जिनल' लिहा ना. इंग्रजी पुस्तकात तोच शब्द येणार आहे.

ऱ्हस्वदीर्घ
हाच आळस मराठीला मारतो. आज मार्जिनल, उद्या युटिलिटी, परवा फक्त 'आहे' आणि 'नाही' मराठीत उरतील.

फोडणी
'खर्च', 'जमीन', 'मजूर' हे कुठून आले काका? अरबी-फारसी काढून हा विषय एक तास शिकवून दाखवा. (ह. घ्या.)

ऱ्हस्वदीर्घ
ते पचले. मार्जिनल पचलेला नाही. दुकानदाराला 'मार्जिन' म्हणजे नफा आणि शाळेत मार्जिन म्हणजे समास. तुमची भाची कुठला अर्थ घेईल?

खडीसाखर
समास! मग 'सामासिक उपयोगिता' करून टाका.

गुंठामंत्री
द्वंद्व की तत्पुरुष?

ठिपक्यांची_वही
अवांतर: लग्नात आदल्या दिवशी करतात ते सीमांतपूजन यातलंच का? आमच्या आत्या सीमंतपूजन म्हणतात. आत्यांना विचारायची सोय नाही.

ऱ्हस्वदीर्घ
आत्यांचं चुकलं. सीमन् + अन्त, दीर्घ व्हायला हवा आणि तो होतो: सीमान्त, म्हणजे गावाची शीव. व्याकरणकारांनी एकच अपवाद दिला आहे. केसांचा भांग असेल तर सीमन्त. म्हणून गरोदरपणातलं ते सीमंतोन्नयन, तिथे भांग पाडतात. वरपक्षाला शिवेवर सामोरं जाऊन पूजा करायची ते सीमांतपूजन.

करवंद
सगळे कार्ड छापणारे 'सीमंतपूजन' छापतात, माझ्या लग्नातही तेच होतं. शंभर वर्षं लोक एकच चूक करत असतील तर ती चूक कसली?

ऱ्हस्वदीर्घ
लाल दिवा तोडणारे शंभर झाले म्हणून तो हिरवा होत नाही.

ठिपक्यांची_वही
आमच्याकडे तर श्रीमंतपूजन म्हणतात. जावयाला काय काय दिलं ते पाहता तेच बरोबर वाटतं.

खडीसाखर
बघा, ऱ्हस्वदीर्घांनीच शब्द दिला. शीव! मुंबईचं शीव स्टेशन यातलंच. 'शिवेवरची जमीन', 'शिवेवरचा मजूर', 'शिवेवरची पोळी'. संस्कृत नाही, इंग्रजी नाही, घरचा शब्द.

करवंद
शिवेवरची पोळी उताऱ्याची असते. मी खाणार नाही.

वामकुक्षी
मंडळी, रविवारी तिची चाचणी आहे. सध्या शेतकरी 'अत्यल्प भूधारक' केला, उत्पादकता 'सीमांत'च ठेवली आणि रिकार्डोच्या जमिनीपुढे प्रश्नचिन्ह आहे. त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

गुंठामंत्री
शिवेवरून आठवलं. आमच्या शेजाऱ्याने बांध कोरून कोरून दर साली एक तास (नांगराची एक ओळ) आत सरकवला आहे. सहा सालात सहा तास. त्याला ना खंड, ना फाळा. ही सीमांत जमीन धरायची का?

फोडणी
आणि त्यातलं सीमांत उत्पादन कुणाचं?

ऱ्हस्वदीर्घ
मोजणी मागवली का?

गुंठामंत्री
अर्ज केलाय. तारीख मिळायची आहे.